कंबरभर पाण्यातली बाई

मधुकरचं काम साधंच. सकाळी सायकलला बाटल्यांची पेटी बांधायची, देवास गेटामागच्या नाल्याचं पाणी भरून आणायचं आणि आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत तपासायचं. परीक्षानळीत बुडबुडे धरले, की पाण्यात मैला आहे असं समजायचं. काठच्या वस्तीला नळ हवा होता. पण मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि ग्वाल्हेरची फाइल भोपाळच्या वाटेवर कुठंतरी अडकली. तोवर वस्ती नाल्याचंच पाणी पीत होती. तरी यंदा हैज्यानं, म्हणजे पटकीनं, एकही पोर दगावलं नव्हतं.

त्या दिवशी तो वळणापर्यंत गेला. वरच्या अंगाला शेवाळाची जाड हिरवी साय, नाक धरावं असा वास. खालच्या अंगाला मात्र तळाचे खडे दिसत होते. मधोमध एक बाई हात पसरून उभी होती, दारात आई लेकराला अडवते तशी. वास तिच्यापाशी येऊन थांबत होता.

"भैया... नल कब आएगा?"

मधुकरनं खाली पाहिलं. बाई कंबरभर पाण्यात होती आणि नाल्याला पाणी होतं घोट्याएवढं.

"गेंदाबाई है, साहेब," मागून वस्तीतला म्हातारा बापू कुजबुजला. "बच्चे हैजे में गए, फिर खुद गई... अब जहाँ पानी बिगड़े, वहाँ खड़ी रहती है।"

भुताखेतांना हसणाऱ्या मधुकरचे हात आपोआप जोडले गेले. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त भरून आलं.

त्यानं दोन्हीकडचं पाणी तपासलं. वरचं बुडबुड्यांनी फसफसलं. खालचं देवाच्या पळीतल्यासारखं नितळ राहिलं. खालचं दाखवलं, तर नळ कोण देणार? त्यानं वरचंच पुढं धाडलं आणि स्वतः भोपाळला खेटे घालून मंजुरी आणली.

नळ आला. वळणावर आता कुणी नव्हतं. खालचं पाणीही फसफसू लागलं. "सुटली बिचारी," मधुकर म्हणाला आणि हलक्या मनानं माधव नगरला घरी आला.

परसात विहीर होती. उभ्या गावाचं पाणी तपासणाऱ्यानं घरचं कधी तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायकोनं, विजयानं, दिलेला विहिरीच्या पाण्याचा पेला त्यानं तोंडाला लावला, तोच जयू परसातून धावत आली.

"बाबा, आपल्या विहिरीत कुणीतरी बाई हात पसरून उभी आहे... कंबरभर पाण्यात."

विहिरीला दोन पुरुष पाणी होतं.