पाथर्डीच्या एसटीत रूथ

एसटीत जागा धरायला लोक खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, वेळ पडली तर पोरही आत सोडतात. पण शास्त्राच्या कागदांचं पुडकं टाकणारा मी एकच पाहिला. ते नेमकं माझ्या मांडीवर येऊन पडलं.

"अहो, ती... ती बायबलमधली रूथची गोष्ट आहे. जपून!" खिडकीबाहेरून आवाज आला.

तो गर्दीतून आत येईपर्यंत जागा गेली होती, आणि मी दोन पानं वाचून काढली होती.

"जागा गेली," मी म्हटलं, "पण तुमचं मराठी बरं आहे."

"बरं — म्हणजे नुसतंच बरं?" चष्म्यावरची धूळ पुसत तो हसला. झालं! एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझी विकेट तिथेच पडली.

त्याचं नाव रविकांत. जुनं बायबल खेड्यातल्या माणसांना जड जायचं, म्हणून काही मंडळी सोप्या मराठीत नवं भाषांतर करत होती. रविकांत मूळ हिब्रूशी ताडून मसुदा लिहायचा आणि गावोगाव वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यानं गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची. जिथे अडेल तिथे वाक्य बदलायचं. पण त्याच्यासमोर बाया तोंडच उघडेनात. मी नगरला मुलींच्या शाळेत शिकवायची, सुट्टी होती. "तुम्ही वाचाल?" त्यानं विचारलं. माझे बाबा चर्चचे पाळक; शास्त्राचं काम म्हणताच त्यांनी परवानगी दिली.

महिनाभर आम्ही हिंडलो. मी वाचायची, तो टिपून घ्यायचा आणि माझा घसा सुकायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे करायचा. बाकी बोलणं काय, तर हिब्रू क्रियापदं! मी मात्र रात्री ती क्रियापदंसुद्धा आठवून हसायची.

त्यात मिरजगावचं स्थळ आलं. रविवारी उपासनेनंतर पाहुणे येणार, बाबा शब्द देणार. आणि सोमवारी रविकांत तीन वर्षांच्या अभ्यासाला बंगलोरला निघणार. उरला शनिवार, शेवटचं वाचन.

पाथर्डीजवळच्या वाडीत साळूबाईंच्या ओट्यावर ऊसतोडीहून परतलेल्या बाया जमल्या. परमुलखातली विधवा रूथ, सासूचं पोट भरावं म्हणून बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचते. तो तिला पाणी देतो, जेवू घालतो. शेवटी तीच खळ्यावर जाते आणि त्याला लग्नाचं विचारते.

साळूबाईंनी गोष्ट बिनचूक परत सांगितली. मग म्हणाल्या, "समदं कळलं बाई. पर त्यो गडी पानी देतो, भाकर देतो, आन् तोंडानं बोलंना व्हय? पोरीलाच जावं लागलं! लई भित्रा हाय."

बाया खदखदून हसल्या. रविकांतचे कान लाल झाले. "मूळ हिब्रूतही... तसंच आहे," तो पुटपुटला.

फाट्यावर बाभळीखाली आम्ही एसटीची वाट पाहत उभे राहिलो. गरम वाऱ्यानं धूळ उडत होती.

"उद्या मिरजगावचे पाहुणे येतायत," मी म्हटलं.

"हो... ऐकलं. मुलगा चांगला आहे म्हणे."

"असेल. मला तुम्ही हवे आहात."

बोलून गेले, आणि पदरानं तोंडावरची धूळ पुसायला लागले. त्यानं चष्मा काढून हातात धरला.

"बाबांनी विश्वासानं तुम्हाला माझ्याबरोबर पाठवलं," तो हळूच म्हणाला. "शास्त्राचं काम सांगून मुलगीच मागितली, तर काय म्हणतील? म्हणून... नाहीतर त्या एसटीतच..."

"एसटीतच काय?"

"तीन वर्षं थांबावं लागेल, प्रेमला."

"थांबेन. पण बाबांना आजच विचारायचं."

घरी बाबा दुसऱ्या दिवशीच्या उपदेशाची तयारी करत बसले होते. रविकांत उंबऱ्यातच उभा राहिला. "सलाम, पाळकसाहेब. मी... मला प्रेमलाशी लग्न करायचंय. तुमची परवानगी असेल तर."

बाबांनी पुस्तक मिटलं. मी दाराला घट्ट धरून उभी होते.

"महिनाभर वाट पाहिली तुझी," बाबा म्हणाले. "तू बोलेनास, म्हणून मी त्यांना या म्हटलं. आता मिरजगावला तार तूच कर."