कोरड्या भिंतीवरचा बोर्ड

फोन आला तेव्हा शुभदा ओव्हाळ पवनानगरच्या रस्त्याला होती. पलीकडे फौजदार होते.

"मॅडम, वलवणच्या एका बंगल्यात काल माणूस गेला. पंपाचा शॉक. वायरमनला ताब्यात घेतलंय. तुमचा अहवाल मिळाला की आम्ही पुढचं बघतो."

शुभदा विद्युत निरीक्षक होती. विजेनं माणूस दगावला की तो का दगावला हे शोधणं तिचं काम. कुणाला ताब्यात घेतल्यावर अहवाल मागितला की तिच्या कपाळावर आठी पडायची. तिनं गाडी वळवली.

बंगला पर्यटकांना भाड्यानं दिला जायचा. मागे पोहण्याचा तलाव, तलावाला लागून पंप. पंपाभोवती काळा चिखल होता. जोडणीच्या डबीचं झाकण उघडं होतं आणि आत तारेची टोकं दिसत होती.

फौजदारांनी मोबाइलवर फोटो दाखवला. सीताराम, बंगल्याचा राखणदार, पंपाशी उताणा पडलेला. पायांत काही नव्हतं. तळवे पांढरे, सुरकुतलेले, स्वच्छ.

शुभदानं तो फोटो जरा जास्तच वेळ पाहिला.

"कुणी पाहिलं आधी?"

"मी." बंगल्याचा मॅनेजर निलेश पुढे आला. अंगात निळा, विटलेला सदरा. खिशावरचा तळेगावच्या कुठल्याशा कंपनीचा बिल्ला उसवून काढलेला, पण त्याची खूण राहिली होती. "पंप बंद पडला होता. त्यानं स्वतःच झाकण उघडलं असणार. ओले हात. मला विजेतलं काही कळत नाही मॅडम, पण रज्जाकभाईनं गेल्या आठवड्यातच तो पंप जोडला होता."

मालकाचा मुलगा विक्की गाडीला टेकून उभा होता. त्याचा पाय सारखा हलत होता. "लवकर उरका ना. शनिवारची बुकिंग आहेत. माणूस गेला, वाईट झालं, पण बंगला किती दिवस बंद ठेवायचा?"

शुभदानं पिशवी उघडली. पंपाला मीटर लावून पाहिलं. मोटर धड होती. गळती नव्हती. उघड्या टोकांना हात लागला तरच माणूस मरेल.

"मुख्य बोर्ड कुठंय?"

मागच्या पॅसेजमध्ये, कोरड्या भिंतीवर, छातीच्या उंचीला बोर्ड होता. समोर मोकळी जागा, वर झाकण, जवळपास नळ नाही, मोरी नाही. नियमात बसेल असा. आत प्रत्येक तारेच्या टोकाला पिवळं, आकडा छापलेलं कडं चढवलेलं. घरगुती कामात असं कुणी करत नाही.

तिनं झाकणाला हात घातला तसा निलेश पटकन म्हणाला, "थांबा मॅडम, आधी आरसीसीबी पाडतो."

त्यानं न चाचपडता नेमका तोच खटका पाडला.

"हा कधीपासून आहे इथं?"

"बंगला बांधल्यापासून," निलेश म्हणाला.

शुभदानं मान डोलावली. मग घरभर फिरली. शेवटच्या खोलीला एक न्हाणीघर होतं. भिंतभर आरसा, छतापर्यंत गेलेला. भिंतीवरच्या फरशीच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट तिनं नखानं दाबलं. आरशाच्या कडेचं मऊ होतं, बाकीचं दगड.

ठाण्यात रज्जाक बाकावर बसला होता. पन्नाशीचा माणूस. दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू कुणी ते तिथंच ठेवायला सांगितलेत.

"पंप तुम्ही जोडला?"

"हो. झाकण बंद करून, स्क्रू आवळून आलो. उघडं ठेवीन का मी?"

"बंगल्याचं वायरिंगही तुमचंच?"

"बांधला तेव्हाचं. नंतर आत कधी बोलावलं नाही."

"बोर्ड कुठं बसवलात?"

"कोठीच्या खोलीत. शेवटच्या खोलीशेजारी. कोरडी होती."

फौजदार हसले. "बघा, हे असं. बोर्ड पॅसेजमध्ये आहे आणि हा कोठी म्हणतोय. तिथं कोठी नाहीच, न्हाणीघर आहे."

रज्जाकनं मान वर केली. "न्हाणीघर?" एवढंच बोलला. चेहरा मात्र उतरला.

"त्या बोर्डात आरसीसीबी होता?" शुभदानं विचारलं.

"नव्हता. मी म्हणालो होतो लावा, मालक नको म्हणाले."

सीतारामची बायको भागुबाई गावातच राहायची. तिच्या ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. शुभदा टेकली.

"मावशी, सीतारामभाऊ पंप दुरुस्त करायचे का?"

"न्हाई वो. करंटला लय भ्यायचा. घरातला बल्ब सुदीक मी बदलायची."

"काल सकाळी ते काय करायला गेले होते?"

"पाहुनं येनार व्हते. न्हाणी धुवायला गेलता. शेवटच्या खोलीतली. निलेशनंच बोलवलं."

संध्याकाळी सगळे परत बंगल्यावर जमले. रज्जाकलाही शुभदानं आणायला लावलं. भागुबाई न बोलावता आली आणि पायरीवर बसली.

शुभदानं पॅसेजमधल्या बोर्डावर बोट ठेवलं.

"हा आरसीसीबी. कुठंही करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला की हा त्याच क्षणी पुरवठा तोडतो. मी तपासला, चोख चालतो. पंपाची लाइन याच्यातूनच जाते. म्हणजे काल हा बोर्ड इथं असता, तर सीतारामनं ओल्या हातानं तारा धरल्या असत्या तरी तो वाचला असता."

"बिघडला असेल त्या वेळी," विक्की म्हणाला.

"बिघडलेला आपोआप दुरुस्त होत नाही. सीताराम मेला तेव्हा हा बोर्ड इथं नव्हता. आणि तो पंपाशी मेला नाही. भोवती एवढा चिखल, पण त्याचे तळवे धुतल्यासारखे होते. तो चालत तिथं गेलाच नाही. त्याला उचलून ठेवलं."

ती न्हाणीघराकडे निघाली. सगळे मागे गेले. फौजदारांनी दोन माणसांकडून आरसा उतरवून घेतला.

मागे भिंतीत चौकोनी खड्डा होता. त्यात वायरिंगच्या तोडलेल्या नळ्या, आणि तारा वर छताकडे ओढून नेलेल्या. खड्ड्याच्या कडेला लाकडी दाराची बिजागरी राहिली होती, आणि शेजारीच शॉवर.

"कोठी होती, तोवर बोर्ड बरोबर जागी होता. मग एक खोली वाढवायची म्हणून कोठीचं न्हाणीघर केलं. न्हाणीत बोर्ड ठेवायला नियमानं बंदी आहे, पण तो हलवला नाही. वर लाकडी दार लावून झाकला. काल सीताराम पाइप घेऊन भिंती धुवायला आला. पाणी आत गेलं."

विक्कीचा रंग उडाला. "न्हाणीघर मीच करायला सांगितलं. पण बोर्ड हलवला असं मला कळवलं होतं. निलेश, तू सांगितलं होतंस!"

"हलवला, पण काल," शुभदा म्हणाली. "पोलीस मृतदेह घेऊन गेल्यावर, मी यायच्या आत. बाहेरचा वायरमन बोलावला असता तर साक्षीदार झाला असता. तारांना आकड्यांची कडी चढवायची सवय कारखान्यात पॅनेल बांधणाऱ्याला असते. ज्याला विजेतलं काही कळत नाही तो आरसीसीबी नावानं ओळखत नाही. कुठल्या कंपनीत होतास, निलेश?"

निलेश भिंतीला टेकला. सदऱ्यावरची बिल्ल्याची खूण त्यानं तळहातानं झाकली.

"निरीक्षक येणार, बोर्ड न्हाणीत दिसणार... सगळं माझ्यावर आलं असतं. म्हणून सगळं नियमाप्रमाणे केलं." तो अडखळला. "पंपाचं झाकण मीच उघडलं."

"त्याला उचललं तेव्हा तो मेलेला होता?"

निलेशची नजर शॉवरखालच्या फरशीकडे गेली. बाहेर कुत्रं भुंकत होतं.

"कण्हला," निलेश म्हणाला. "एकदा. मला वाटलं, आता काय वाचतोय."

"गाडी होती तुझ्याकडे?"

"होती."

फौजदारांनी त्याचा दंड धरला. रज्जाक तसाच उभा राहिला. त्याला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी शुभदानंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घरी जा, रज्जाकभाई." तो गेला, पण फाटकापाशी पोचेपर्यंत त्यानं तीनदा मागे वळून बंगल्याकडे पाहिलं.

पायरीवर भागुबाई होती. आतलं तिला नीट ऐकू गेलं नव्हतं.

"त्यानं पंपाला हात लावला न्हवता ना?"

"न्हाई, मावशी. त्यांची काही चूक नव्हती."

भागुबाईनं पदर तोंडाशी नेला. "मी लय बोलले वो त्याला. रातभर बोलले. कशाला हात लावलास, भ्यायचास ना, मग कशाला लावलास." ती थांबली. शुभदाच्या तोंडाकडे पाहू लागली. "बाई, आनकी काय हाय का सांगायचं?"

शुभदाला नाही म्हणता आलं असतं. आज तरी.

ती पायरीवर तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"हाय, मावशी," ती म्हणाली.