तिरक्या काठ्या

पटो न पटो, हे घडलंय. लोसेना माझी सख्खी मावशी. तिला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

कोरोनाचं वर्ष, ऑगस्टमधला रविवार, सकाळचे दहा. फिजीतलं सिगाटोका नदीकाठचं आमचं गाव.

हॉटेलं बंद पडली आणि तिथल्या धुलाईघरातली मावशीची नोकरी गेली. नवरा अपेनिसा फेब्रुवारीतच वारला होता. मागे राहिला त्याने लावलेला कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा मळा. त्यातल्या कंदांवर ती आणि तिच्या दोन मुली जगत होत्या.

जुलैत धाकटा दीर सेमी दारात आला. पोरं उपाशी आहेत म्हणाला.

आमच्याकडे नात्यातल्याने मागितलं की नाही म्हणायची रीत नाही.

मावशी नाही म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती नवऱ्याच्या थडग्यापाशी गेली. "मळा तू लावलास. आता राखही तूच."

रविवारी सगळा गाव चर्चमध्ये, म्हणून चोरांचाही वार तोच. मावशी चर्चहून परतली तेव्हा मळा जागच्या जागी होता. दोन दिवसांनी मात्र काही झाडांनी माना टाकल्या. तिने एक ओढलं...

हातात नुसती काठी आली.

खाली कंदच नव्हते. कुणीतरी कंद काढून काठी परत खोचली होती.

तीन रविवार असंच झालं. अकरा झाडं गेली. मावशीने सेमीला चारचौघांत गाठलं. "माझ्या पोरींच्या तोंडचा घास काढतोस?"

सेमी गोंधळला. "वहिनी, दर रविवारी माझ्या दारात कंदांची टोपली असते. मला वाटलं, तुम्हीच ठेवता."

तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या, म्हणजे त्या ऑगस्टमधल्या रविवारी ती चर्चला गेलीच नाही. कोयता घेऊन चुलीमागे बसली.

लांबून भजन ऐकू येत होतं. ते थांबलं. कोंबड्याही गप्प झाल्या.

मग... माती उकरल्याचा आवाज.

तिने डोकावून पाहिलं. मळ्यात कुणीच नव्हतं. एक झाड आपोआप वर आलं. थोड्या वेळाने त्याची काठी पुन्हा जमिनीत गेली... नदीकडे कललेली.

कसाव्याची काठी खोचली की तीच रुजते, आणि अपेनिसा ती तशीच तिरकी लावायचा. गावात दुसरं कुणी नाही.

आणि त्याचा खोकला. दोनदा.

मावशी भ्यायली नाही, संतापली. "राखायला सांगितलं होतं, वाटायला नाही. जिवंत होतास तेव्हाही भावाचं पोट आधी. या पोरी कुणाच्या?"

आवाज थांबला.

त्यानंतर मळ्यातलं पानही हललं नाही. सेमीच्या दारात टोपली आली नाही. महिन्याभरात तो बायकापोरं घेऊन सासुरवाडीच्या बेटावर गेला. जाताना मावशीच्या दाराकडे त्याने पाहिलंही नाही.

पुढल्या वर्षी मावशीने लावलेल्या झाडांना दोऱ्याएवढी मुळं धरली. त्याने परत खोचलेल्या त्या बारा तिरक्या काठ्यांना मात्र दंडाएवढे कंद. मुली पोटभर खातात. तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी रविवारी तिच्याकडे जाणं टाळते. त्या दिवशी ती चर्चला जाताना सेमीच्या बंद घराच्या पायरीवर कंदांची भरलेली टोपली ठेवते.

परत येते तेव्हा टोपली तिच्याच दारात असते. एकही कंद कमी झालेला नसतो.