शून्याचं पाणी

“शून्याचं पाणी मिळंल का?”

जार भरता भरता भक्तीनं मान वर केली. मानवतमध्ये तिच्या वडिलांचा फिल्टर पाण्याचा प्लांट होता. थंड पाणी मागणारे, गोड पाणी मागणारे रोज येत. शून्याचं मागणारा हा पहिलाच.

“म्हणजे?”

“ज्यात क्षार अजिबात न्हाईत, असं. चवसुद्धा नको.”

“आमच्या पाण्याची चव खटकायलीय का तुमाला?”

“न्हाई हो…” तो गडबडला. “मला त्यात मीठ घालायचंय.”

भक्ती इतकी हसली, की जार भरून वाहू लागला.

तो योगीराज. चारठाण्याचा, इथल्या बँकेत नोकरीला. मीठ कशाला, ते वडिलांबरोबर त्याच्या घरी जार पोचवायला गेली तेव्हा कळलं. काचेच्या टाकीत मीठ घालून केलेलं समुद्राचं पाणी, निळा उजेड, आणि दगडावर फिकट गुलाबी, मऊ हातांचा झुपका… सावकाश मिटत, सावकाश उघडत.

“कुणाला बोलवायलेत हे?”

“झेनिया. मऊ प्रवाळ आहे. हिच्यासारखीच दिसणारी दुसरी असते, अँथेलिया. ती नुसती डोलते.”

“मग ओळखायचं कसं?”

“थांबून बघायचं,” तो म्हणाला. बघत मात्र होता तिच्याकडे.

मग दर वेळी ती थांबून बघू लागली. बोलणं खारटपणाचं, दिव्यांचं. जार देता-घेता बोटांना बोटं लागत, आणि दोघंही घाईनं पाण्याकडे बघत…

तेवढ्यात त्याची बदली झाली. रत्नागिरीला.

“खरा समुद्र मिळाला की तुमाला!” हे हसून म्हणायचं तिनं ठरवलं होतं — जमलं नाही.

“हिला इतका लांबचा प्रवास सोसणार न्हाई. तुमी… सांभाळाल?”

आणखी काही म्हणेल म्हणून भक्तीनं टाकीवरचा हात काढला नाही. त्यानं पंप कसा पुसायचा, ते सांगितलं.

“पोरीनं समुद्र आणला घरात,” असं तिचे वडील बन्सीधरराव साऱ्या गल्लीला कौतुकानं सांगत सुटले. पण नव्या घरात झेनिया मिटून बसली. भक्तीनं पाणी बदललं. पुन्हा बदललं. शून्याचं, स्वच्छ, मोजून मीठ घातलेलं, आपल्या हातचं. हात उघडले, पण नुसते डोलत राहिले.

संध्याकाळी योगीराजचा फोन येई. पाणी? ठीक. खारटपणा? ठीक. तिची उत्तरंही त्या पाण्यासारखीच, कशाचाच अंश नसलेली. मनात मात्र एकच सल… आपण ओळखायला चुकलो. त्यानं कधी बोलावलंच नव्हतं.

एका संध्याकाळी तिला राहवलं नाही.

“ही झेनिया न्हाईच. मिटत न्हाई, उघडत न्हाई. फसवलं तुमी मला.”

“पाणी किती वेळा बदलायलाव?”

“रोज.”

“अगं…” त्याच्या तोंडून ‘अगं’ पहिल्यांदाच आलं. “इतकं निर्मळ न्हाई चालत तिला. पाण्यात थोडं काहीतरी लागतं. त्यावरच जगते ती.”

“मग घ्या थोडं काहीतरी! राग आलाय मला तुमचा. लय! जाताना माणूस काय काय बोलतं… आन् तुमी पंप पुसायचं सांगितलं. पंप!”

लाटांच्या आवाजातून तो हळूच म्हणाला,

“भक्ती, बुडाशी बघ. सगळे हात एकाच जाड देठातून निघालेत का?”

तिनं डोळे पुसले, काचेला नाक लावलं. “हो.”

“अँथेलियाला तसला देठ नसतो. ही झेनियाच. मिटायची-उघडायची थांबली तरी झेनियाच.” तो अडखळला. “मी पण… थांबलोच होतो गं. तुझ्या वडिलांशी बोलायला कधी येऊ?”

आत ते गुलाबी हात अजून नुसते डोलतच होते.

“या,” ती म्हणाली. “तोवर पाण्याला हात लावत न्हाई मी.”

आणि कुणी बघत नाही असं पाहून तिनं मोकळा हात काचेसमोर धरला… सावकाश मिटला… सावकाश उघडला.