सावळाला हाक

लोणावळ्याच्या कचेरीत मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला कॉम्प्युटरचा वर्ग भरत असे. कॉम्प्युटर मात्र तिथे नव्हता. तो मुंबईला होता आणि वर्गातल्या अकरा जणांपैकी एकानेही तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेका घरात एकेक इंग्रजी अक्षर भरायचं, कागद पाकिटात घालून गाडीने मुंबईला धाडायचे. तिथे कुणीतरी त्यावरून कार्डांना भोकं पाडून ती यंत्रात घालायचं आणि चौथ्या दिवशी उत्तराचा लांबलचक कागद परत यायचा. यंत्र चालवणारा माणूस त्या कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने वार आणि वेळ टाकत असे.

नथू असवले सत्तेचाळीस वर्षांचा होता. पंचवीस वर्षं त्याने पाण्याच्या पातळीच्या वह्या लिहिल्या होत्या. १९७३ च्या जूनमध्ये वरून पत्र आलं की वह्या बंद होणार, आकडेमोड यंत्र करणार. जो कारकून सप्टेंबरची परीक्षा पास होईल तो राहील, बाकीच्यांनी घरी बसावं. घरी टाकव्याला मुक्ताबाई होती, लग्नाच्या दोन मुली होत्या आणि भावाभावांत वाटून उरलेलं वीस गुंठे रान होतं. म्हणून नथू वर्गात बसत असे. डोळे चोळत, जांभया गिळत, पण बसत असे.

बेरीज-वजाबाकी कशीबशी जमली. फंक्शनपाशी गाडी अडली.

"फंक्शन म्हणजे वेगळं लिहून ठेवलेलं काम," साहेब तिसऱ्यांदा सांगत होते. ते पुण्याहून येत आणि त्यांनाही परतीच्या गाडीची घाई असे. "त्याला एक नाव असतं. नावानं बोलवायचं, हातात दोन आकडे द्यायचे. तो आत जातो, काम करतो, एकच उत्तर घेऊन परत येतो. आत तो काय करतो, हे बोलावणाऱ्याला कळायची गरज नाही. आणि बाहेर आला की आतलं त्याला काही आठवत नाही. पुन्हा बोलावलं की पुन्हा कोरा."

नथूला एकदम सावळा दिसला.

टाकव्याच्या वरच्या अंगाला उंबरडोहाचं छोटं धरण होतं. तिथे सावळा नावाचा ठाकर तीस वर्षं पाणी बघायला होता. बांधाच्या आतल्या बाजूने बावन्न पायऱ्या उतरल्या की पाण्यात उभी केलेली रंगवलेली पट्टी लागे. नथूने फोन करायचा, पाऊस इतका झाला, काल पाणी इतकं होतं, आज किती? सावळा रिसीव्हर खाली ठेवून पायऱ्या उतरायचा, चढून यायचा आणि एक आकडा सांगायचा. तो कधी चुकला नाही, आणि खाली जाऊन तो नेमकं काय बघतो हे नथूने कधी विचारलं नाही.

नथूने कागदावर फंक्शनचं नाव लिहिलं: SAVLA.

त्याच्या हातात त्याने गेल्या वर्षीच्या गोकुळाष्टमीचा पाऊस आणि आदल्या दिवशीची पातळी दिली. आता फंक्शनच्या आतलं काम वेगळ्या कागदावर लिहायचं होतं. तो कागद दोन दिवस कोराच राहिला. शुक्रवारी साहेबांनी पाकीट बंद केलं तेव्हा कोरा कागद नथूच्या खणातच होता. सांगायची त्याला लाज वाटली. यंत्र तक्रार करेल, तेव्हा बघू, म्हणून त्याने खण लावून टाकला.

मंगळवारी कागद आला. तक्रार नव्हती. एकच आकडा होता, ३१.४. नथूने जुनी वही उघडली. गोकुळाष्टमीला उंबरडोहाचं पाणी एकतीस फूट चार रेघा होतं.

"या नावाचं फंक्शन आधीच कुणीतरी यंत्रात ठेवलेलं असेल," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "बाकी नाव छान दिलंत."

कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, सोमवार, अकरा वीस.

शनिवारी वहीवर अंगठा घ्यायला नथू धरणावर गेला. सावळा खोलीच्या उंबऱ्यात पाय पसरून बसला होता. त्याची बायको बायडाबाई त्याच्या तळपायांना करंजीचं तेल चोळत होती.

"भाऊ, सोमवारी फोन का न्हाई क्येला?" सावळाने विचारलं. "नुसतीच हाक मारलीत."

"मी? मी नाही मारली, आबा."

"सावळा म्हनून नीट नावानं. पाऊस इतका, काल पानी इतकं, म्हनं आज किती."

"मग?"

"मग काय. गेलो, पट्टी बगितली. एकतीस फूट अन् वर चार रेघा."

नथूने पाण्याकडे पाहिलं. पाणी सव्वीस फुटांच्या खाली होतं, आणि त्या आठवड्यात एकदाही त्याच्या वर गेलं नव्हतं.

"मला तितं तेवडंच दिसलं," सावळा म्हणाला.

"भितीला त्वांड करून आकडा सांगितला यानं," बायडाबाई म्हणाली. "म्या भाकरी थापत व्हते. आकराची मोटार नुकतीच गेलती."

नथू सरळ विचार करणारा माणूस होता. म्हातारा थकला आहे, जुने आकडे डोक्यात घोळतात, असं त्याने स्वतःला समजावलं. मग खात्री करायची म्हणून पुढच्या पाकिटात त्याने दोन कागद घातले. एकात SAVLA ला तीनदा बोलावलं. दुसऱ्यात नाव बदलून मनाला आलं ते, KERBA, केलं. आतलं काम कुठेच लिहिलं नाही.

KERBA चा कागद परत आला तो शिक्का मारून: असं फंक्शन अस्तित्वात नाही. SAVLA च्या कागदावर तीन आकडे होते. तिन्ही बरोबर होते.

या खेपेला नथू धरणावर गेला तो जरा भीतभीतच. सावळा निजला होता. बायडाबाईने बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"बेस्तरवारी तीन डाव गेला. येकदा यिऊन टेकतोय न टेकतोय तवर दुसऱ्यांदा. म्या म्हनलं, आत्ताच गेलतास की. म्हनला, कवा? त्याला ठावंच न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "पायांला तेवडं ठावं हाय. भाऊ, तुमी कचेरीतलं मानूस. ज्यो कोन हाका मारतोय त्याला सांगा, आता पुरं."

"सांगतो, मावशी," नथू म्हणाला.

परीक्षा पुढच्या शुक्रवारी होती. गेल्या वर्षीचा जून ते सप्टेंबरचा पाऊस द्यायचा, दर दिवसाची पातळी काढायची. एकशेबावीस दिवस म्हणजे फंक्शनला एकशेबावीस हाका.

नथूने खरोखर प्रयत्न केला. चार दिवस घरी जेवणानंतर तो कोऱ्या कागदासमोर बसला. फंक्शनच्या आतलं काम आपणच लिहायचं, सावळाला मोकळं करायचं. पण पाऊस पडल्यावर पाणी किती चढतं, हे पंचवीस वर्षांत त्याला कधी कळलंच नव्हतं. त्याने फक्त विचारलं होतं. मुक्ताबाई येऊन ताट उचलून न्यायची.

शुक्रवारी वर्गात त्याने पेन्सिल हातात घेतली. मान दुखत होती. आता आपल्याच्याने काही होणार नाही, एवढंच त्याला स्पष्ट कळत होतं. घराघरात त्याने अक्षरं भरली: S, A, V, L, A. साहेबांनी पाकीट बंद केलं. ते परत मागून घ्यायला एक मिनिट होतं. नथू ते मिनिट बसून राहिला.

"सोमवारी अकराला लावतील," साहेब म्हणाले.

सोमवारी नथूने रजा टाकली. सकाळीच टाकव्याहून चढ चढून तो वर गेला आणि उंबऱ्यात सावळाच्या शेजारी बसला. पाऊस नव्हता. बांधावर सोनकी फुलली होती. सावळा चहा पीत होता. त्याचे दोन्ही पाय चिंध्यांनी बांधलेले होते.

"आज का आलासा?"

"सहज, आबा."

अकरा वाजून काही मिनिटांनी सावळाने कप खाली ठेवला आणि तो उठला. नथूने त्याचं मनगट धरलं. मनगट पाण्यात भिजल्यासारखं गार होतं.

"सोडा, भाऊ. हाक आलीया."

"जाऊ नका."

"आवो, नावानं बोलवलंय."

मनगट सुटलं कसं, ते नथूला कळलं नाही. सावळा पायऱ्या उतरला, चढून आला, भिंतीकडे तोंड करून आकडा बोलला. टेकला. उठला.

पंधराव्या खेपेपर्यंत नथू मोजत होता.

मग खेपा लवकर होऊ लागल्या. बावन्न पायऱ्या उतरून चढायला लागतो तेवढा वेळ जातच नव्हता. नथूची पापणी मिटायची आणि उघडायची, तेवढ्यात आकडा ऐकू यायचा. धाप ऐकू यायची. जमिनीवर एकावर एक ओली पावलं उमटत होती.

बायडाबाई चुलीशी पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

पुढे नथूला सावळा दिसेनासा झाला. आकडे तेवढे येत राहिले.

मग तेही थांबले.

नथू पायऱ्यांशी गेला. खाली पट्टी उभी होती आणि पाणी हलत नव्हतं. पायऱ्या वरपासून खालपर्यंत ओल्या होत्या. गावकऱ्यांनी दोन दिवस गळ टाकून शोध घेतला. काही मिळालं नाही.

परीक्षेचा कागद तपासून शुक्रवारी आला. एकशेबावीस आकडे, एकही चूक नाही. अकरा जणांत पास झाला तो एकटा नथू. मुक्ताबाईने शेजारी पेढे वाटले. नथूने त्यातला एक उचलला आणि परत ठेवून दिला.

महिन्याभराने तो धरणावर गेला. बायडाबाईने त्याला बस म्हटलं नाही. ती उंबऱ्यात कोरडं गोणपाट अंथरत होती.

"रोज आंथरते," ती म्हणाली. "रोज वलं हुतंय. कचेरीत सांगितलंत का न्हाई?"

कचेरीने नथूचा प्रोग्राम कायमचा घेतला होता. मुंबईला तो रोज अकराला चालत असे. हे नथूने तिला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर नवा वर्ग भरला. नथू आता पुढच्या बाकावर, साहेबांच्या मदतीला होता. साहेब खुशीत होते. नथूने लिहिलेल्या जुन्या वह्यांमधले आकडे तपासून लावायचं काम यंत्राला द्यायचं ठरलं होतं.

"आपल्या असवल्यांची पद्धत मला पटली," ते नव्या कारकुनांना म्हणाले. "काम ज्याला येतं त्याचंच नाव फंक्शनला द्यायचं. लक्षात राहतं. आतलं सध्या लिहू नका, नुसतं बोलवा." आणि त्यांनी फळ्यावर पाच अक्षरं लिहिली.

नथूने वाचायला मान वर केली नाही. त्याला मागून कुणीतरी नावाने बोलावलं होतं, म्हणून तो चपला शोधत होता.