कल्ल्यातली राख

सकाळी साडेसातला हैदराबादच्या प्रयोगशाळेतून फोन आला आणि स्नेहाचा चहा कपातच निवला.

"मॅडम, तुमच्या बाराही मरळींत पारा जवळजवळ शून्य आहे."

"आणि शेवाळ? झिंगे? बारकी मासळी?"

"त्यांचं मागच्या महिन्यात कळवलंय. शेवाळात थोडा, झिंग्यांत बराच, बारक्या माशांत त्याहून जास्त."

स्नेहा खाली बसली. तीन वर्षं ती गवळणतळ्यातल्या पाऱ्याच्या मागावर होती. वरच्या ओढ्यावर जुन्या ट्यूबलाइट फोडायचं शेड होतं. तिथला पारा पाण्यातून शेवाळात जातो, शेवाळ झिंगा खातो, झिंग्याला बारका मासा आणि बारक्याला मरळ. घासागणिक विष दाटत जातं. आणि सगळ्यांना गिळून वर बसलेली मरळच कोरी? पंगतीत सगळे जेवले आणि व्याही तेवढा उपाशी उठला, असं कुठं असतंय का?

अकरा वाजता पंचायतीत बैठक होती. मरळ खाणं थांबवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. ग्यानबा कोळ्याची सून सातव्या महिन्यात होती, आणि पोटुशीला ताकद यावी म्हणून घरचे तिला रोज मरळीचं कालवण घालत होते. स्नेहानं थांबवा म्हटलं तेव्हा ग्यानबा म्हणाला होता, "कागद दावा, ताई. मासळी बंद करून आमी काय माती खावं?"

कागद आज यायचा होता. तो असा आला.

ती तडक कॉलेजात गेली. प्रयोगशाळेचा शिपाई व्यंकट दारात झाडू मारत होता.

"फ्रीजरला कुणी हात लावला होता का, व्यंकट?"

"मी कामून लावू? तुमी बेंगळूरला गेल्ता तवा ग्यानबा बर्फाची पेटी न्यायला आल्ता. सर त रोजच हायेत."

सर म्हणजे गुरुपादय्या सर, पक्के शाकाहारी. निवृत्त झाले तरी रोज येऊन बसत. निर्णा गावातल्या शेतकऱ्याच्या या पोरीला त्यांनीच प्राणिशास्त्राला घातलं, बापाची समजूत काढली, पहिली फी भरली. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलं होतं, "नमुना कधी टाकायचा न्हाई, बाळ. चुकलेला असला तरी न्हाई." आत्ताही ते खिडकीशी बसले होते.

"निकाल आला?" सरांनी विचारलं.

"शून्य, सर."

"असू दे. मी म्हणत होतो, ओढ्याचं नाव घ्यायची घाई करू नको. महेशकुमार भेटला तर बैठकीला सोडायला सांगतो." महेशकुमार त्यांचा मुलगा. भंगाराचा धंदा करायचा, गाडी होती.

स्नेहानं बारा पिशव्या बाहेर काढल्या. तीन गवळणतळ्याच्या, नऊ दुसऱ्या स्वच्छ तलावाच्या. पिशव्यांवर नुसते आकडे, तेही उलटसुलट, तपासणाऱ्याला तळं कळू नये म्हणून. कुठला आकडा कुठल्या तळ्याचा, याची यादी सरांच्या कपाटात होती. बेंगळूरहून परतल्यावर तपासणीला तिनं पाठीचे तुकडे पाठवले होते, मासा आख्खा तपासायचं कारण पडलं नव्हतं.

आता तिनं एकेका मरळीचे कल्ले उचलून बघितले. नऊ मरळींचे स्वच्छ होते. तिघींच्या कल्ल्यांत करडी भुकटी अडकली होती. सरांकडून यादी घेऊन आकडे ताडले, तर त्या तिघी गवळणतळ्याच्याच. गवळणतळ्याचा गाळ काळाकुट्ट, हा तो नव्हे.

ती स्कूटर काढून मन्नाएखेळ्ळीच्या बाजाराला गेली. रस्त्याकडेला ग्यानबाची बायको राजूबाई टबात जिवंत मरळी घेऊन बसली होती. गिऱ्हाइकानं एक दाखवली. राजूबाईनं डोक्यात दांडका घातला, मूठभर राख चोळली आणि मासा पिशवीत टाकला.

"राख कामून, राजूबाई?"

"निसटती की हातातून. हुमनाबाद असू दे, आळंद असू दे, बाजारात समदे लावतात. खाणारा घरी कल्ले काढून धुतोय."

"मला दिलेल्या मरळींना लावली होती?"

"तुमीच नगं म्हणला होता. त्या जित्त्या बर्फात घातल्या. मालकाला ठाव हाय, व्यंकटाला बी. त्योच बर्फ आणायचा."

स्नेहानं स्कूटर वळवली आणि म्हणाली, "माझ्यासंगं चला."

कॉलेजात पोचल्यावर ती आधी एकटीच संग्रहालयाच्या खोलीत गेली. सापाविंचवांच्या बरण्यांमागचं खालचं कपाट तिनं उघडलं आणि आत सापडलेलं झाकून प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली नेऊन ठेवलं.

साडेदहाला चौघं प्रयोगशाळेत जमले. सर, व्यंकट, ग्यानबा आणि राजूबाई.

"मरळी बदलल्यात," स्नेहा म्हणाली. "बारके मासे पाऱ्यानं भरलेले आणि त्यांना खाणारी मरळ कोरी, हे होऊच शकत नाही. फ्रीजरमधल्या तिघी बाजारातल्या आहेत. कल्ल्यांत राख आहे."

"मी न्हाई," ग्यानबा उठला.

"बसा, ग्यानबा. तुम्ही नाही, व्यंकटही नाही. नमुन्याला राख चालत नाही हे तुम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि राख कल्ल्यांत राहते हेही. हे काम जन्मात मासळी न खाल्लेल्या माणसाचं आहे. त्यानं मासा वरून धुतला आणि झालं समजला. पण मरळ त्याला बरोबर ओळखता आली, वजनंही जुळवता आली. आणि बारांतल्या नेमक्या गवळणतळ्याच्याच तीन पिशव्या बदलल्या. यादी कुणाकडे होती, सर?"

तिनं सरांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

"बारकी मासळी आधीच हैदराबादला गेली होती, नाहीतर तीही बदलली असती. शेड कुणाचं आहे?"

"महेशकुमारचं," सर हळूच म्हणाले. "नाव दुसऱ्याचं हाय. एकुलता एक हाय, स्नेहा. जेलात गेला असता."

"माझी तीन वर्षं, सर. तुम्हीच मला उभं केलंत." कुंपणानंच शेत खाल्लं तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?

राजूबाई पुढं झाली. "सर, माझी सून रोज त्येच खायलीय. तुमाला ठाव होतं?"

"व्हय," सर म्हणाले.

राजूबाईनं पदर तोंडाला लावला. ग्यानबानं खिशातून फोन काढला. घरी लावून तो एवढंच बोलला, "कालवण सांडून दे. पोरीला घास दिऊ नगं."

"पण पुरावा काय, म्याडम?" व्यंकटनं विचारलं. "आसल मरळी त फेकल्या असतील न्हवं?"

"नाही. सरांना नमुना फेकता येत नाही."

तिनं टेबलाखालून तीन बरण्या काढून वर ठेवल्या. फॉर्मॅलिनमध्ये तीन मरळी वळून पडल्या होत्या. फॉर्मॅलिननं पारा जात नाही, हेही सरांनीच शिकवलेलं.

प्रत्येक बरणीवर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती. तळ्याचं नाव, तारीख, वजन, सगळं खरं. खाली लिहिलं होतं, संग्राहक: स्नेहा.

अकराला पाच मिनिटं होती. तिनं बरण्या पिशवीत घातल्या आणि ग्यानबाबरोबर पंचायतीकडे निघाली. सर मागून "बाळ" म्हणाले. ती थांबली नाही.