खालून लावलेला दिवा

"अहो, माझ्या उंचवट्याचा खड्डा केलात!"

शिडीवरून खाली पाहिलं, तर केसांत पांढरी भुकटी आणि चेहऱ्यावर असा राग, की हसूच यावं. चित्रांच्या दालनात दिवे बसवणं हे माझं काम. आणि हा प्राणी पांढऱ्या पाट्यांवर पांढरंच प्लास्टर चढवणारा! रंगाचा ठिपका म्हणून नाही. मी दिवा जमिनीवर ठेवला होता.

"वरून लावा. खालून लावला की फुगीर ते खोलगट दिसतं, खोलगट ते फुगीर."

"म्हणजे असतं एक आणि दिसतं भलतंच? चुना लावायचाच धंदा की हो तुमचा!"

तो हसला. तेव्हापासून तो चुनेवाले, मी उजेडबाई.

मग रोज काहीतरी निघायचंच. दिवा बोटभर सरकव… जरा मंद कर… दिवे सरकवता सरकवता अहो-जाहो कधी गेलं, कळलं नाही. बाहेर आभाळ भरलेलं, आत आम्ही दोघं एका पाटीसमोर. तो हातोडी बसून वाकड्या झालेल्या अंगठ्याने सावली दाखवायचा, आणि मी सावली सोडून त्याच्याकडेच बघायची. जीव जडला होता माझा, सरळच सांगते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "परदेशात काम मिळालंय. काही वर्षं तरी… येशील?"

"बाबांना कोण बघेल? अंथरुणावरून उठवत नाही त्यांना."

"मग 'थांब' म्हण. एकदा म्हण — मी नाही जात."

शब्द अगदी ओठांवर आला होता. पण अशी संधी पुन्हा त्याच्या दारात कोण आणून ठेवणार? आणि माझ्या घरात त्याला मिळणार काय, औषधांचा वास? मी वायर गुंडाळत राहिले.

"जा, चुनेवाले. तिथे जाऊन काय उजेड पाडायचा तो पाड."

या खेपेला तो हसला नाही.

तो गेल्यावर भिंतीवर एकच पाटी उरली. दालनाचे मालक म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलीय. दिवा खालूनच लाव म्हणाला. उलटंच बोलला ना?"

भर दुपारी अंधारून आलं होतं. मी दिवा जमिनीवर ठेवला, आणि पांढऱ्यातून एक हात बाहेर आला. त्याचाच… तोच वाकडा अंगठा. माझ्यापुढे केलेला.

मी धरायला गेले… आणि बोटं आत गेली. ओल्या प्लास्टरमध्ये उमटवलेला पंजा होता तो. हात नव्हताच, नुसता खड्डा.

मला माझा हात काढवेना. त्याच्या पंजात तो सैल बसला होता, माझा हात लहानच पडला.

"थांब ना," मी म्हणाले.